'सुम्निदा'च्या पोटातला 'प'
कोरियन शिकवताना मी 'काम्साहाम्निदा' (धन्यवाद) या शब्दापाशी हमखास रेंगाळते. त्यातला 'म' मुळात 'प' आहे. पुढच्या 'न'मुळे तो अनुनासिक झाला. आणि हा 'प' साडेपाचशे वर्षांहून जुना आहे.

राजा सेजोंगने 1443 मध्ये कोरियन लिपी घडवली, 1446 मध्ये ती जाहीर केली. त्याच वर्षी त्याची राणी सोहन वारली. तिच्यासाठी राजपुत्र सुयांगने 1447 मध्ये कोरियनमध्ये बुद्धचरित्र सिद्ध केलं: 'सक्बोसांगजल'. त्या काळच्या क्रियापदात आदराच्या तीन जागा होत्या. कर्त्यासाठी 'शी', ऐकणाऱ्यासाठी 'इ'सारखा प्रत्यय, आणि ज्याच्याप्रत क्रिया पोचते त्याच्यासाठी 'सप'. बुद्धाला कोणी वंदन केलं, की क्रियापदात हा 'सप' येई, मग वंदन करणारा राजा का असेना!

सतराव्या शतकाच्या सुमारास 'सप' बुद्धाकडून, राजाकडून सरकत समोरच्या श्रोत्याकडे आला. मला याचं कारण बोलण्यातच दिसतं. 'तुम्हाला देतो', 'तुम्हाला सांगतो' म्हणताना क्रिया ज्याच्याप्रत जाते आणि जो ऐकतो, तो माणूस एकच. अशा रोजच्या वाक्यांनी व्याकरण हळूहळू वळवलं, असं मी मानते. 'सप' आणि श्रोत्याचा प्रत्यय एकजीव होऊन 'सुम्निदा' हा आजचा आदरार्थी शेवट घडला; 'काम्साहाम्निदा'तला 'प' तोच. कर्त्याचा 'शी' मात्र जागचा हलला नाही.

'सप'चं जुनं काम आता मोजक्या क्रियापदांकडे उरलंय. वडीलधाऱ्यांना भेटायचं तर 'प्वेप्ता', विचारायचं तर 'यज्जुप्ता'. दोन्हींत तोच 'प' आहे. विद्यार्थ्यांना मी हे दोन शब्द आवर्जून मोठ्यानं म्हणायला लावते.