जयचंदाचे दात आणि कोकणची काळी वाळू

११९४ साली यमुनेकाठी चंदावरच्या लढाईत कनौजचा राजा जयचंद मारला गेला. लढाई संपल्यावर त्याचं प्रेत ओळखायची वेळ आली, तेव्हा चेहऱ्याचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला दातांचा. तिकडे दूर मोसुलमध्ये त्याच काळात वावरलेला इतिहासकार इब्न अल-असीर सांगतो, की राजाचे दात मुळात खिळखिळे झाले होते आणि ते सोन्याच्या तारेने बांधून घेतलेले होते. त्या तारेवरून राजा ओळखला गेला.

चारशे वर्षांनी हीच हकीकत फरिश्त्याने लिहिली. तो विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी होता. पुढे फरिश्त्याचा ग्रंथ इंग्रजीत नेला जॉन ब्रिग्जने, जो साताऱ्याला रेसिडेंट होता. मुंबईचा गव्हर्नर राहिलेल्या एल्फिन्स्टननेही ती आपल्या इतिहासात घेतली. म्हणजे गोष्ट कनौजची, पण ती जगभर पोचली दख्खनमार्गे. फक्त वाटेत एक बदल झाला. इब्न अल-असीरकडे जे राजाचे स्वतःचेच, तारेने बांधलेले दात होते, ते नंतरच्या पुस्तकांत ‘खोटे दात’ झाले.

माझा विश्वास जुन्या साक्षीवर आहे. आणि हा फरक किरकोळ नाही. हलणारा दात बांधून ठेवणं आणि गेलेल्या दाताच्या जागी दुसरा बसवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं माणसाला फार पूर्वी जमलं. दुसरं नीट जमायला विसावं शतक उजाडावं लागलं, कारण अडचण दाताची नव्हतीच. हस्तिदंत, जनावरांची हाडं, चिनी माती, अगदी मेलेल्या माणसांचे दातसुद्धा वापरून झाले. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात उपटून विकले गेले आणि इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या कवळ्यांत जाऊन बसले. दात हवा तेवढा मिळत होता. मूळ कुठून आणायचं, हा प्रश्न होता.

हे समजायला मालवणचा खाजा पुरे. बेसनाची कडक कांडी, वर आलं घातलेल्या गुळाचं कवच. जत्रेतून घरी आलेली खाजाची पुडी फुटली, की कवळीवाली आजी तुकडा गालात धरून गूळ विरघळायची वाट बघते. कवळी हिरडीवर नुसती टेकलेली असते, चावायचा जोर झेलायला तिला आधार नसतो. त्यात दुसरी गोष्ट अशी, की दात गेला की त्याला धरून ठेवणारं जबड्याचं हाडही झिजू लागतं. चावण्याचा दाब मुळातून हाडापर्यंत पोचतो म्हणून ते हाड टिकतं. दाब थांबला की शरीर ते हळूहळू मोडीत काढतं. गाल आत जातात, हनुवटी नाकाकडे सरकते, ज्याला आपण बोळकं म्हणतो ते तयार होतं. म्हणून दहा वर्षांपूर्वी घट्ट बसणारी कवळी आज बोलताना खाली येते. बिघाड कवळीत नसतो, तिच्याखालची जमीन खचलेली असते.

कोकणात ही जमीन लवकर खचते, याला मशेरीचाही हातभार आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायची, ही सवय आपल्याकडच्या कित्येक बायकांनी ‘दात साफ होतात’ म्हणून जपली. प्रत्यक्षात तंबाखू हिरड्यांचा आणि हाडाचा आधारच सैल करते. तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे तो वेगळाच.

हाडात मूळ रोवायचा प्रयत्न फार जुना आहे. १९३१ साली मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये माया संस्कृतीतल्या एका माणसाच्या जबड्याचा तुकडा सापडला, साधारण इ. स. ६०० च्या सुमाराचा. त्यात खालच्या पुढच्या तीन दातांच्या जागी दातांसारखे घासलेले शिंपल्याचे तुकडे होते. ते मेल्यावर बसवले असतील असं आधी वाटलं. १९७० मध्ये अमादेओ बोबियो या संशोधकाने एक्स-रे काढले, तेव्हा शिंपल्याभोवती हाड वाढलेलं दिसलं. म्हणजे तो माणूस ते दात घेऊन जगला होता. तिसऱ्या खाऊन आपण शिंपल्या परसात फेकतो, तशाच वस्तूचं कुणीतरी मूळ केलं होतं! पण ही विद्या पुढे चालली नाही. नंतरच्या लोकांनी सोनं, प्लॅटिनम, पोलाद असं बरंच काही हाडात घालून पाहिलं. बहुतेक वेळा शरीराने त्याभोवती मऊ पेशींचं आवरण केलं, आणि मूळ हलू लागलं.

उत्तर सापडलं ते दात शोधताना नाही. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हाडातलं रक्ताभिसरण बघत होता. त्याने सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळकांडी बसवली होती, आत भिंग. प्रयोग संपल्यावर ती महागडी नळकांडी काढून पुन्हा वापरायची होती. ती निघेनात. हाड धातूला थेट चिकटून वाढलं होतं, मधे आवरणच नव्हतं. टायटॅनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो, आणि त्या थराशी हाडाचं भांडण नसतं.

१९६५ मध्ये गोथेनबर्गला गोस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात चार टायटॅनियमचे स्क्रू बसवले गेले. जन्मतःच त्याच्या जबड्यात दोष होता, चावणं-बोलणं जड जात होतं. २००६ मध्ये तो वारला, तोवर ते स्क्रू जागेवर काम करत होते. तरी स्वीडनमधल्याच दंतवैद्यांनी बरीच वर्षं ब्रोनेमार्कला उभं केलं नाही. तो त्यांच्या बिरादरीतला नव्हता. १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर उत्तर अमेरिकेने ही पद्धत मानली आणि मग ती जगभर गेली.

आता काळ्या वाळूकडे. १७९१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याला ओढ्यातली काळी वाळू चुंबकाला चिकटताना दिसली. त्यात एक अनोळखी धातू असल्याचं त्याने ओळखलं. पुढे क्लाप्रोथने त्याला टायटॅनियम नाव दिलं. तसलीच वाळू आपल्याकडेही आहे. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी आणि मिऱ्या किनाऱ्यांवर सह्याद्रीचा काळा खडक झिजून आलेलं इल्मेनाइट, म्हणजे टायटॅनियमचं खनिज, लाटा वेगळं काढून ठेवतात. त्यातून धातू काढणं मात्र कठीण. ग्रेगरनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी क्रॉलची पद्धत आली, तेव्हा कुठे तो कारखान्यात बनू लागला. आजही इम्प्लांट महाग असतो, पण त्या चिमूटभर धातूमुळे नव्हे. पैसे जातात ते अचूक घडणीला, स्कॅनला, डॉक्टरच्या हाताला आणि वर बसणाऱ्या कॅपला.

एका दाताला कित्येक हजार रुपये लागतात. तोंडभर दात करायचे तर आकडा ऐकूनच आजी ‘आता माका कित्याक व्हये’ म्हणून विषय संपवते. मुंबईचा मुलगा पैसे घेऊन येतो तोवर वीस वर्षं गेलेली असतात, आणि डॉक्टरचा पहिला प्रश्न पैशांचा नसतोच. स्क्रू रोवायला हाड उरलंय का, हे ते आधी बघतात. साखर आटोक्यात आहे का, मशेरी सुटली का, हे नंतर.

मधला एक रस्ता आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी सांगितला जातो. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं, की खालचे सगळे दात गेलेल्या माणसाला किमान दोन इम्प्लांट आणि त्यांवर अडकणारी कवळी मिळावी. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला हाड बहुधा जास्त दिवस टिकतं. तिथे दोन स्क्रू, आणि कवळीच्या आत प्रेस-बटणासारखी खाच. रात्री काढता येते, सकाळी टक् करून बसते. बोलताना खाली येत नाही. खाजाचा तुकडा मात्र आधी लहान करून घ्यावा.