हायड्रोजनेजची कृत्रिम प्रतिमाने

हायड्रोजनेज या एन्झाइमच्या धातुकेंद्राबरहुकूम प्रयोगशाळेत घडवलेली संयुगे. मूळ एन्झाइम सूक्ष्मजीवांत असते. सेवाग्रामकडे गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी असेल, तर तिच्यातही ते काम करत असते. शेण कुजवणारे जिवाणू नकोसे इलेक्ट्रॉन प्रोटॉनांना देऊन हायड्रोजन सोडतात; मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव तो लगेच कार्बन डायऑक्साइडशी जोडून संपवतात. शेगडीत जळतो तो मुख्यतः मिथेन.

हायड्रोजनेज हे नाव स्टीफन्सन व स्टिकलँड यांनी 1931 मध्ये दिले. त्याच्या तीन प्रकारांपैकी दोन लोहअणूंचा प्रकार हायड्रोजन बनवण्यात सर्वांत चपळ, सेकंदाला हजारो रेणू देणारा. मात्र ऑक्सिजन लागला की तो निकामी होतो. त्याची रचना 1998-99 मध्ये उलगडली, तेव्हा लोहाला चिकटलेले कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड पाहून रसायनशास्त्रज्ञ चकित झाले. ही तर विषे! गंमत अशी, की दोन लोह, दोन गंधक आणि सहा कार्बन मोनॉक्साइड असा जवळपास हाच सांगाडा रायलेन यांनी 1929 मध्येच बनवला होता.

1999 मध्ये तीन गटांनी केंद्राची हुबेहूब वाटावी अशी प्रतिमाने केली. दिसायला सारखी, पण कामाला थंड. असे का, याचे उत्तर 2013 मध्ये मिळाले. लोहकेंद्र नसलेल्या, शैवालातल्या हायड्रोजनेजमध्ये अशी तीन प्रतिमाने बसवून पाहिली, तेव्हा ज्याच्या दोन गंधकांना जोडणाऱ्या पुलात नायट्रोजन होता तेवढेच जिवंत झाले. प्रोटॉन धातूपर्यंत पोचवण्याचे काम तो नायट्रोजन करतो, आणि त्याला आजूबाजूच्या प्रथिनाची साथ लागते.

प्रोटॉन वाहणाऱ्या नायट्रोजनचा हाच धडा अमेरिकेतील ड्युबॉइस यांच्या गटाने निकेलवर आधीच गिरवला होता. त्यांच्या 2011 च्या संयुगाचा वेग सेकंदाला लाखावर गेला, पण ॲसिटोनायट्राइलसारख्या द्रावकात आणि जादा विद्युतदाब देऊन. एन्झाइम हरले, असे त्यावरून म्हणणे फसवे आहे.

मुंबईच्या आयआयटीत अर्णब दत्ता यांचा गट कोबाल्टच्या संयुगांवर काम करतो. धातूभोवती प्रोटॉन वाहून नेणारे गट जोडून प्रथिनाची उणीव भरायची, ही त्यामागची कल्पना. काटेकोर अर्थाने ही प्रतिमाने नव्हेत, कारण निसर्गातल्या तिन्ही प्रकारांच्या केंद्रात कोबाल्ट नाही. नक्कल येथे धातूची नसून परिसराची आहे.