रोजगार हमी योजना : संशोधन-साधने

महामंदीच्या काळात अमेरिकेने १९३३ ते १९४२ बेरोजगार तरुणांकडून वनीकरण व मृदसंधारण करून घेतले. त्याच जातीचा, परंतु कामाला कायदेशीर हक्काचे रूप देणारा प्रयोग म्हणजे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाराष्ट्राची योजना, जिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्या इतिहासाचे सर्वांत मोलाचे साधन हजेरीपट, म्हणजे मजुराचे नाव, दिवस, मजुरी आणि सही वा अंगठा नोंदविणारा तक्ता होय. नालाबांध व पाझर तलावांवर राबलेल्या, अहवालांतील आकड्यांत हरवणाऱ्या स्त्रिया येथे नावानिशी भेटतात. स्त्रियांच्या सहभागाचा विचार कुमुदिनी दांडेकर यांनी १९८३ च्या ग्रंथात केला. विदर्भापुरती पूर्वपीठिका शोधताना १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांतील मदतकामांची मध्य प्रांताची कागदपत्रे तपासणे अपरिहार्य ठरते. नागपूर हीच त्या प्रांताची राजधानी होती.