फौजेचा खर्च आणि मुलखाचे मोल : हैदराबाद कंटिंजंटचा धडा

आळंद तालुका आज कर्नाटकातील कलबुरगी जिल्ह्यात असला, तरी १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. आळंदच्या पश्चिमेकडील नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याचे कारण लढाईतील पराभव नव्हे, तर फौजेच्या पगाराचे थकलेले देणे हे होते. तिजोरी रिकामी असताना संरक्षणावर किती खर्च व्हावा आणि तो कोणी ठरवावा, या प्रश्नाच्या अभ्यासात हे उदाहरण महत्त्वाचे ठरते.

एका राज्याच्या दोन फौजा

१७९८ च्या तहाने निजाम अलीखान यांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि १८०० च्या तहान्वये तिच्या खर्चापोटी बळ्ळारी, कडप्पा आदी प्रदेश कंपनीला कायमचे दिले. संरक्षणाचे मोल येथेच फिटावयास हवे होते. परंतु युद्धप्रसंगी निजामाने सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडदळ द्यावे, असेही कलम या तहात होते. रेसिडेंट हेन्री रसेल (१८११-१८२०) यांच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली दुसरी फौज उभी राहिली. हीच पुढे 'हैदराबाद कंटिंजंट' म्हणून ओळखली गेली. कलम युद्धकाळाचे होते; फौज मात्र शांततेच्या काळातही कायम राहिली. तिचा वार्षिक खर्च सुमारे चाळीस लाख रुपये होता.

कर्जाचा फास

पगारासाठी पामर आणि कंपनी या पेढीकडून भारी व्याजाने कर्ज काढण्यात आले. ते फेडण्यासाठी १८२३ मध्ये, उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून मिळणारी सालिना सात लाखांची पेशकश एकरकमी रकमेच्या मोबदल्यात कायमची सोडावी लागली. चालू खर्चासाठी कायमचे उत्पन्न गेले. कंटिंजंटमध्ये कपात करणे दरबाराच्या हाती नसल्याने इतर देणी तुंबत गेली आणि अनेक तालुक्यांचा वसूल सावकार व अरब जमादारांकडे गहाण पडला.

अखेर डलहौसीच्या दबावाखाली २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख कंटिंजंटच्या खर्चासाठी लावून देण्यात आला. त्याच वर्षी दिवाण झालेल्या सालारजंग यांनी गहाण तालुके सोडविले आणि वसुलीची मक्तेदारी मोडून पगारी अधिकारी नेमले. कंटिंजंटच्या आकाराला मात्र त्यांनाही हात लावता आला नाही. १८५८ मध्ये हीच फौज मध्य हिंदुस्थानात कंपनीसाठी लढत होती. १८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले. परंतु वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क त्याच तहाने गेला. १९०२ मध्ये वऱ्हाड सालिना पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिले. कंटिंजंट लवकरच हिंदी सैन्यात विलीन झाली. फौज गेली, मुलूख परतला नाही.

निष्कर्ष

राज्याला संरक्षणाची गरज नव्हती, असा याचा अर्थ नाही. बंडाळी मोडण्यास कंटिंजंट उपयोगी पडत असे, हा इंग्रजांचा दावाही अगदीच निराधार नव्हता. परंतु फौजेचा आकार ठरविणारा एक, पैसा देणारा दुसरा आणि हिशेब विचारणारा कोणीच नाही, अशी स्थिती असेल तर संरक्षणाचा खर्चच राज्याला दुबळे करतो. म्हणून तंगीच्या काळात संरक्षणखर्चाचा आकडा तपासण्याआधी तो ठरविण्याचा व तपासण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे पाहावे लागते. आजच्या अंदाजपत्रकाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढेही हाच प्रश्न ठेवावयास हवा.