लॅम्डा १ : इंजिनाला स्वतःचा धूर हुंगायला कुणी शिकवलं?

तुमच्या घरी २०२० नंतर घेतलेली बाइक असेल, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपकडे एकदा नीट बघा. स्पार्क प्लगसारखी दिसणारी, मागे वायर जोडलेली एक गोष्ट तिथे घुसवलेली दिसेल. तो ऑक्सिजन सेन्सर. कंपन्यांच्या कागदपत्रांत आणि पेपरांत याला लॅम्डा सेन्सरही म्हणतात. आजची पोस्ट त्याच्या इतिहासाबद्दल आहे. तुम्ही इंजिनिअरिंगचे नसाल तरी वाचा, कारण तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण कुठे घसरतो हे या उदाहरणात फार स्पष्ट दिसतं.

आधी थोडं काम समजून घेऊ. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. प्रत्यक्ष गेलेल्या हवेला या लागणाऱ्या हवेने भागलं की येतो तो लॅम्डा. लॅम्डा १ म्हणजे हिशेब बरोबर. १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त, गॅरेजच्या भाषेत ‘रिच’. १ पेक्षा जास्त म्हणजे हवा जास्त, ‘लीन’. आता गंमत बघा. इंजिन सर्वांत जास्त ताकद देतं ते थोडं रिच असताना, आणि सर्वांत चांगलं मायलेज देतं ते थोडं लीन असताना. म्हणजे नेमका लॅम्डा १ इंजिनाला स्वतःहून नकोच आहे! मग जगभरातल्या पेट्रोल गाड्या त्याच आकड्याला का चिकटून बसल्या? माझ्या मते इतिहासाचा खरा प्रश्न हा आहे. ‘सेन्सरचा शोध कुणी लावला’ हा नाही.

कारण शोधाच्या मागे लागलात तर तुम्ही थेट एकोणिसाव्या शतकात जाऊन पोहोचाल. वॉल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये विद्युत-रासायनिक सेलचं व्होल्टेज काढायचं समीकरण मांडलं. लॅम्डा सेन्सर त्याच समीकरणावर चालतो. याच नर्न्स्टने १८९७ च्या सुमारास एक दिवा तयार केला, त्यात झिर्कोनियात यट्रिया मिसळलेली सिरॅमिक कांडी होती. ही कांडी थंड असताना वीज वाहू देत नाही, म्हणून दिवा लावण्याआधी ती तापवावी लागायची. पुढे टंगस्टनच्या बल्बने हा दिवा मागे टाकला. पण कांडीतून वीज वाहते कशी, हा प्रश्न राहिलाच होता. १९४३ मध्ये कार्ल वॅग्नरने त्याचं उत्तर दिलं: स्फटिकातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांमुळे ऑक्सिजनचे आयन त्यातून सरकतात. या सिरॅमिकच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर ठेवला, की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकामुळे व्होल्टेज तयार होतं. मिश्रण रिच असेल तर साधारण ०.८-०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१ च्या आसपास. आणि जुन्या दिव्याची खोड इथेही आहेच: साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या खाली सेन्सर मुकाच राहतो. म्हणून पुढे सेन्सरमध्येही हीटर बसवावा लागला.

म्हणजे समीकरण होतं, सिरॅमिक होतं, गाड्याही होत्या. तरी बराच काळ या तिघांना एकत्र आणायची गरज फारशी कुणाला वाटली नव्हती. ती गरज आली लॉस एंजेलिसच्या हवेतून. कॅल्टेकमध्ये अननसाच्या स्वादावर काम करणाऱ्या आरी हागेन-स्मित यांनी १९५० च्या सुमारास दाखवलं की तिथला डोळे झोंबवणारा स्मॉग हा गाड्या-रिफायनऱ्यांमधून निघणारे हायड्रोकार्बन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि ऊन यांच्यातून तयार होतो. पुढे १९७० चा अमेरिकेचा क्लीन एअर कायदा आला. त्याने कंपन्यांना पाच-सहा वर्षांत गाड्यांचं प्रदूषण ९० टक्क्यांनी खाली आणायला सांगितलं. ते कसं करायचं हे कायद्यात नव्हतं, आणि तसं तंत्रज्ञान तेव्हा बाजारातही नव्हतं. कंपन्यांनी ओरड केली, मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पण दबाव राहिला.

१९७५ मॉडेलच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. हे पहिले कन्व्हर्टर फक्त अर्धवट जळलेलं जाळून टाकायचे. नायट्रोजनच्या ऑक्साइडचं काम उलटं असतं, त्यांच्यातला ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. एकाच डब्यात ऑक्सिजन द्यायचाही आणि काढायचाही, हे जमवणारा ‘थ्री-वे’ कॅटॅलिस्ट एंगेलहार्डच्या कार्ल कीथ आणि जॉन मूनी यांच्या गटाने याच दशकात पुढे आणला. पण त्याची अट कडक होती. मिश्रण लॅम्डा १ च्या अगदी अरुंद पट्ट्यात, साधारण अर्धा-एक टक्का इकडेतिकडे, असेल तरच तिन्ही वायू एकदम नष्ट होतात. साध्या कार्ब्युरेटरला हे शक्यच नाही. थंडी, चढ, घाटातली विरळ हवा, झिजलेला जेट, काहीही झालं तरी तो पट्टा सुटतो.

इथे क्लोज्ड लूप आला. आधी अंदाज करून पेट्रोल सोडायचं याऐवजी, सोडलेल्याचा परिणाम धुरात बघायचा आणि पुढचं पेट्रोल त्यावरून ठरवायचं. बॉशचा सेन्सर आणि इंधन प्रणाली घेऊन व्होल्वोने १९७७ च्या मॉडेलमध्ये अशी गाडी कॅलिफोर्नियात विकायला आणली, त्यावर ‘लॅम्डा-सॉंड’ असं लिहिलेलं असायचं. १९८०-८१ मध्ये जनरल मोटर्सने हाच लूप चक्क कार्ब्युरेटरवर बसवला. कार्ब्युरेटरमधला सोलेनॉइड सेकंदाला दहा वेळा टकटक करत मिश्रण बदलायचा. दिसायला जुगाड वाटेल, पण १९८१ च्या नियमांपुढे लाखो गाड्या रस्त्यावर आणायच्या तर याचाच आधार होता.

कंट्रोल शिकणाऱ्यांनी जरा थांबावं, कारण सेन्सर फार कमी सांगतो. ‘रिच’ किंवा ‘लीन’, एवढंच. किती रिच, ते नाही. म्हणून कंट्रोलर पेट्रोल हळूहळू वाढवत जातो, सेन्सर ‘रिच’ म्हणाला की हळूहळू कमी करतो. पण धूर सिलिंडरमधून सेन्सरपर्यंत यायला वेळ लागतो. समजा हा उशीर अर्धा सेकंद आहे. मिश्रणाने लॅम्डा १ ओलांडल्यावर अर्धा सेकंद तरी कंट्रोलर चुकीच्याच दिशेने चालत राहतो, मग वळतो, परत यायला अर्धा सेकंद घेतो, आणि तेच दुसऱ्या बाजूला. पूर्ण हेलकावा उशिराच्या चौपट, म्हणजे दोन सेकंदांचा. वहीत काढून बघा: पेट्रोल बदलायचा वेग दुप्पट केला तर हेलकाव्याचा काळ तोच राहतो, उंची मात्र दुप्पट होते. म्हणजे ही प्रणाली लॅम्डा १ वर स्थिर कधीच बसत नाही, त्याच्याभोवती झुलत राहते. हे चाललं कसं? कॅटॅलिस्टमध्ये सीरियम ऑक्साइड घातलं की ते लीन असताना ऑक्सिजन साठवतं आणि रिच असताना परत देतं. फोर्डमध्ये थ्री-वे कॅटॅलिस्टवर काम करणाऱ्यांत भारतात जन्मलेले हरेन गांधी हे मोठं नाव. कंट्रोलरचा दोष असा रसायनशास्त्राने सांभाळून घेतला. कंट्रोलचा इतिहास फक्त कंट्रोलच्या पेपरांतून लिहिलात तर हा अर्धा भाग तुमच्या हातून निसटेल.

दुसरी निसटणारी गोष्ट म्हणजे हरलेला रस्ता. होंडाच्या सीव्हीसीसी इंजिनाने १९७२ मध्येच कॅटॅलिस्टशिवाय १९७५ ची मूळ मानकं गाठून दाखवली होती, तीही लीन मिश्रणावर. ऐंशीच्या दशकात ब्रिटिश सरकार आणि तिथले उत्पादक युरोपात लीन-बर्नची बाजू लढवत होते, तर जर्मनी कॅटॅलिस्टची. १९८९ मध्ये युरोपीय समुदायाने लहान गाड्यांसाठीही कडक मर्यादा मान्य केल्या आणि वाद बहुतांशी संपला. तेव्हा ‘लॅम्डा १ जिंकला कारण तो चांगला होता’ असं वाक्य थीसिसमध्ये लिहू नका, व्हायव्हाला पहिला प्रश्न त्यावरच येईल: कशासाठी चांगला? मायलेजसाठी तर नाही.

आपल्याकडे हा क्रम उलटा-सुलटा झाला, आणि मला तोच भाग सर्वांत जास्त खुणावतो. एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आलं. पण मारुती ८०० सारख्या गाड्या तेव्हा कार्ब्युरेटरवरच होत्या. कन्व्हर्टर आला, लूप नाही. मिश्रणाचा स्क्रू गॅरेजमधल्या मेकॅनिकच्या हातात होता आणि तो इंजिनाचा आवाज ऐकून, गिऱ्हाईकाच्या मायलेजच्या तक्रारी ऐकून फिरवायचा. त्यात देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळायला फेब्रुवारी २००० उजाडलं. तोपर्यंत मुंबईची गाडी सुट्टीत गावाकडे गेली आणि तिथल्या पंपावर शिशाचं पेट्रोल भरलं, की कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनमवर शिशाचा थर चढायचा. डबा जागेवर, काम बंद. पीयूसीच्या नोंदी, पंपांच्या पुरवठ्याच्या फायली आणि त्या काळातले मेकॅनिक, ही सगळी साधनं अजून हाताशी आहेत. मेकॅनिक मात्र आता साठीच्या पुढे गेलेत, त्यामुळे मुलाखती घ्यायच्या असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करा.