लॉगमधले साडेपाच तास

मागच्या वर्षी एका कबड्डी सामन्याचं लाइव्ह रात्री 8.10 ला काळं पडलं. मैदानावर आमचा एन्कोडर होता, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र लहान करून नेटवर पाठवणारा डबा. मी पुण्यात. तिथल्या पोराने डबा बंद-चालू केला आणि डब्यातल्या नोंदी पुसल्या गेल्या. झालं! ‘चालता डबा यानेच बंद केला’ म्हणून खापर त्याच्यावर फुटलं.

पण डबा प्रत्येक नोंद आमच्या सर्व्हरलाही पाठवत होता. या पद्धतीचं नाव सिसलॉग. 1980च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमनने ती सेंडमेल या ईमेल प्रोग्रामसाठी बनवली, आणि मग राउटरपासून एन्कोडरपर्यंत सगळ्यांनी उचलली. गंमत बघा, तिचा लेखी तपशील, आरएफसी 3164, आला थेट 2001 मध्ये! तोही ‘लोक असं वापरतात’ एवढंच सांगणारा. त्या नोंदीत महिना, तारीख, वेळ असते. वर्ष नाही, टाइमझोन नाही. ते 2009च्या आरएफसी 5424 ने दिलं. आमचा डबा मात्र जुन्याच वळणाचा.

मी 20:10 ची नोंद शोधत बसलो. काहीच नाही. मग ट्यूब पेटली, डब्याचं घड्याळ यूटीसीवर आहे! साडेपाच तास मागे गेलो. 14:40 ला ‘इनपुट सिग्नल गेला’. डबा रीस्टार्ट झाला 14:43 ला. म्हणजे चित्र आधीच गेलं होतं, कॅमेऱ्याची केबल सैल होती.

त्याला फोन केला. तो म्हणाला, “दादा, मी तेच सांगत होतो ना.”