गर्किनच्या जागेवरचा बॉम्ब आणि सायबर विमा

२००४ साली एमएस्सी करायला लंडनला आलो, तेव्हा सिटीतली ती काकडीसारखी काचेची इमारत, गर्किन, नुकतीच उभी राहिली होती. घरी पाठवायला तिच्यासमोर फोटोही काढला. त्या जागेवर आधी काय होतं, हे मात्र पुढे विमा कंपन्यांची कामं मिळाली तेव्हा कळलं.

तिथे बाल्टिक एक्स्चेंज होतं. १० एप्रिल १९९२ रोजी आयआरएने घडवलेल्या स्फोटात ते उद्ध्वस्त झालं, तीन माणसं गेली. नुकसानीचा आकडा पाहून पुनर्विमा कंपन्यांनी हात वर केले. दहशतवादाचा विमा नाही म्हणजे इमारतीवर बँकेचं कर्ज मिळणं मुश्कील! शेवटी १९९३ मध्ये सरकारच्या पाठबळाने 'पूल री' स्थापन झाली. विमा कंपन्यांनी हप्त्यांतून सामाईक गंगाजळी उभारायची, ती आटलीच तर सरकारने पैसे द्यायचे, तेही परतफेडीच्या बोलीवर. आपल्या भिशीला सावकार जामीन राहावा, तसं. गंमत म्हणजे सरकारी तिजोरीला अजून हात लावावा लागलेला नाही.

जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' युक्रेनमधून जगभर पसरला. मर्स्कची संगणकयंत्रणा कोसळली आणि आपल्या न्हावा शेवाचं एक टर्मिनल ठप्प झालं. मर्क या औषध कंपनीने भरपाई मागितली, तर विमा कंपन्या म्हणाल्या, हे तर युद्ध! न्यू जर्सीच्या कोर्टाने २०२३ मध्ये अपिलातही मर्कची बाजू उचलून धरली. पण त्याच वर्षीपासून लॉइड्सच्या सायबर पॉलिसींत, परकीय सरकारांनी घडवलेले मोठे हल्ले वगळणारं कलम सक्तीचं झालं. 'पूल री'ने २०१८ पासून सायबर दहशतवादाला संरक्षण दिलं खरं, पण इमारती-यंत्रांच्या नुकसानीपुरतंच. नुसता डेटा गेला तर काही नाही.

आपल्या मंडळातलेच एक काका छोटं अकाउंटन्सीचं ऑफिस चालवतात. त्यांची पॉलिसी वाचून मी हे कलम दाखवलं. "अरे, हल्ला कुणी केला हे मी कसं ठरवू?" ते म्हणाले. प्रश्न रास्त होता. माझ्या मते सायबरसाठीही 'पूल री'सारखी सोय हवी, पण बॅकअप न घेणाऱ्यांना त्यात प्रवेश नको.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्यामुळे टाटांच्या जॅग्वार लँड रोव्हरचे कारखाने बंद होते, तेव्हा सरकारने दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन, "मला कोण हमी देणार रे?"

मी शनिवारी त्यांच्या ऑफिसात जाऊन बॅकअप तपासला. चार महिने जुना होता.